आमच्या संगीत मंडळाचा मुख्य देणगीदार थांबतो आहे : पुढच्या तीन वर्षांचा आर्थिक आराखडा कसा करावा?

कृष्णाकाठचा_खजिनदार

नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी १९७८ पासून चालत आलेल्या शास्त्रीय संगीताच्या मंडळाचा मी दोन वर्षांपासून खजिनदार आहे. त्याआधी बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केल्यामुळे ताळेबंद वाचता येतो, पण गाण्याच्या मंडळात पैशाचा विषय काढणे म्हणजे रंगलेल्या मैफलीत खोकण्यासारखे आहे, हे मला उशिरा कळले. मंडळ संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून, असे दोन्हीकडे नोंदलेले आहे. आयकराची १२-एबी (मंडळाच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रे आमच्याकडे आहेत.

गेल्या वर्षीचा हिशेब असा आहे. जानेवारीतल्या तीन दिवसांच्या संमेलनावर ७ लाख २० हजार, वर्षभरातल्या आठ मासिक बैठकींवर २ लाख ४० हजार, चार विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीवर ४८ हजार आणि कारकून, लेखापरीक्षण, वाद्यांची दुरुस्ती, खोलीचे भाडे यांवर १ लाख ३२ हजार, असा एकूण ११ लाख ४० हजार रुपये खर्च झाला. जमेच्या बाजूला वार्षिक वर्गणी १ लाख २६ हजार, सहा लाखांच्या मुदत ठेवीचे व्याज ४२ हजार, संमेलनाची तिकिटे २ लाख २० हजार, स्मरणिकेतल्या जाहिराती ३ लाख १० हजार, किरकोळ देणग्या ६० हजार आणि एका उद्योजक कुटुंबाची देणगी ३ लाख ५० हजार, म्हणजे ११ लाख ८ हजार रुपये आले. बत्तीस हजारांची तूट बचत खात्यातून भरली. त्या कुटुंबाने आता नम्रपणे कळवले आहे की पुढची पिढी पुण्याला आणि परदेशात स्थायिक झाल्यामुळे यापुढे देणगी देता येणार नाही.

दुसरीकडे काही प्रस्ताव समोर आहेत आणि प्रत्येकावर कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एक डॉक्टर कुटुंब आईच्या स्मरणार्थ २५ लाख रुपये कायम निधी म्हणून, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचे अशा बोलीवर, द्यायला तयार आहे, पण संमेलनाला आईचे नाव द्यावे आणि शिवाय दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला एक स्वतंत्र, दर्जेदार मैफल व्हावी, अशी त्यांची अट आहे. आमचे संमेलन पहिल्यापासून संस्थापकांच्या गुरूंच्या नावाने होते. जवळच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून) ५ लाख द्यायला तयार आहे, मात्र रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर आणि सर्व फलकांवर तिचे बोधचिन्ह हवे. संस्थापकांचे अमेरिकेतले शिष्य मिळून १० हजार डॉलर पाठवू म्हणतात. आणि एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की यंदापुरती सहा लाखांची ठेव मोडावी, संमेलन नेहमीच्याच थाटात करावे, पुढचे पुढे पाहता येईल. शेवटच्या प्रस्तावाला सर्वांत जास्त पाठिंबा आहे, म्हणूनच हा प्रश्न येथे मांडतो आहे.

जमाखर्च_पुणे

मी सनदी लेखापाल आहे आणि नाट्य, संगीत व ग्रंथालय अशा दहाबारा न्यासांचे काम पाहतो. आपण आकडे दिले आहेत, म्हणून नेमके बोलता येईल. कायद्याकडे वळण्याआधी एक साधी वजाबाकी करून पाहावी, कारण ती कार्यकारिणीत कोणी केलेली दिसत नाही.

संमेलनाचा हिशेब वेगळा काढा. तिकिटे आणि जाहिराती मिळून ५ लाख ३० हजार, खर्च ७ लाख २० हजार, म्हणजे तूट १ लाख ९० हजार. आता वर्षभराच्या कामाचा काढा. वर्गणी, व्याज आणि किरकोळ देणग्या मिळून २ लाख २८ हजार, खर्च ४ लाख २० हजार, म्हणजे तूट १ लाख ९२ हजार. उद्योजक कुटुंबाची देणगी या दोन खड्ड्यांत जवळजवळ निम्मी निम्मी जात होती. बहुतेक मंडळांत अशी समजूत असते की संमेलन कमावते आणि मासिक बैठका खातात. आपल्याकडे ती खरी नाही. त्यामुळे 'संमेलन नेहमीच्या थाटात' या वाक्याची किंमत किती, हे विश्वस्तांना आकड्यात सांगता येईल. ठेव मोडली तर ती दीड वर्षात संपेल आणि तिच्याबरोबर वर्षाचे ४२ हजारांचे व्याजही जाईल, म्हणजे तूट त्या प्रमाणात वाढलेली असेल. शिवाय ती ठेव कायम निधीच्या देणग्यांतून झाली असेल तर तिच्यातून केलेला खर्च आयकराच्या दृष्टीने त्या वर्षीचा धर्मादाय विनियोग (करसवलतीसाठी मोजला जाणारा खर्च) धरला जात नाही. पाच वर्षांच्या आत ती रक्कम परत निधीत भरली, तरच भरणा केलेल्या वर्षी तो लाभ मिळतो.

आता जाहिराती. हा विषय मी मुद्दाम आधी घेतो, कारण इथे धोका आहे आणि तो कोणाला दिसत नाही. सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य करणाऱ्या न्यासाला व्यापारी स्वरूपाच्या कामातून येणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. आपल्या जाहिरातींचे ३ लाख १० हजार हे ११ लाख ८ हजारांच्या २८ टक्के होतात. तिकिटांबद्दल बाजू मांडता येते, कारण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात दिलेल्या निर्णयानुसार खर्चाइतके किंवा खर्चावर नाममात्र वाढ ठेवून घेतलेले शुल्क व्यापार ठरत नाही, आणि आपली तिकिटे तर संमेलनाच्या खर्चाचा तिसरा हिस्साही भरून काढत नाहीत. पूर्ण पानाच्या रंगीत जाहिरातीबद्दल तसे म्हणणे अवघड आहे. उपाय असा की ज्यांना केवळ मंडळाविषयी आपुलकी म्हणून पैसे द्यायचे आहेत त्यांच्याकडून देणगी घ्यावी, ८०-जीची पावती द्यावी आणि स्मरणिकेत मालाची वाखाणणी न करता फक्त नाव छापावे. देणगीदाराचे नुसते नाव लावण्यावर, त्यात धंद्याची प्रसिद्धी नसेल तर, जीएसटी लागत नाही, हे ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. अर्थात पेठेतला दुकानदार यावर काय म्हणेल हेही मला ठाऊक आहे. जाहिरातीचे बिल त्याला धंद्याच्या खर्चात टाकता येते, तर नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला ८०-जीचा काहीच उपयोग नसतो. म्हणून जाहिराती पूर्ण बंद होणार नाहीत. त्या एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत आणाव्यात आणि उरलेले देणगीत वळवावेत.

कंपनीच्या प्रस्तावात 'सीएसआर' हा शब्द चुकीचा वापरला आहे. कंपनी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कलांचा विकास हे विषय आहेत, त्यामुळे दार बंद नाही. परंतु प्रसिद्धीचा लाभ घेण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व नियमांनी सीएसआरमधून स्पष्टपणे वगळलेले आहे. पडद्यावर बोधचिन्ह हवे असेल तर ती रक्कम कंपनीच्या जाहिरात खात्यातून यायला हवी, आणि तशी आली की आपल्या २० टक्क्यांच्या हिशेबात तिची भर पडणार. म्हणून कंपनीकडे संमेलन नेऊच नका. १९७८ पासूनची ध्वनिमुद्रणे आपल्या कपाटात असतील, तर त्यांचे अंकीकरण किंवा शिष्यवृत्तीचा तीन वर्षांचा कार्यक्रम त्यांच्यापुढे ठेवा. त्यासाठी आपल्याला आधी सीएसआर-१ हा नोंदणी अर्ज भरावा लागेल, आणि दरवर्षी विनियोगाचा अहवाल द्यावा लागेल.

पंचवीस लाखांचा मोह मी समजू शकतो. पण ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला १ लाख ७५ हजार येतात, आणि दर्जेदार स्वतंत्र मैफल दीड लाखाच्या खाली होत नाही. म्हणजे मंडळाच्या हाती उरतात २५ हजार. दहा वर्षांनी व्याज तेवढेच असेल, मैफलीचा खर्च मात्र वाढलेला असेल, आणि अट पाळण्यासाठी मंडळच त्या निधीला पोसू लागेल. देणगी नाकारा असे मी म्हणत नाही, अट बदलून घ्या असे म्हणतो. नवी मैफल सुरू करण्याऐवजी संमेलनातले एखादे सध्याचे सत्र त्यांच्या आईंच्या नावाने करावे आणि व्याजाचा चौथा हिस्सा दरवर्षी मुद्दलात मिळवण्याची मुभा पत्रातच लिहून घ्यावी. 'ही रक्कम कायम निधीसाठी आहे' असे देणगीदाराचे लेखी पत्र नसेल तर ती त्या वर्षीचे साधे उत्पन्न ठरते, आणि पत्र असले तरी रक्कम आयकराच्या कलम ११(५) मध्ये सांगितलेल्या गुंतवणुकीच्या प्रकारांतच, निधी म्हणून स्वतंत्र दिसेल अशी गुंतवावी लागते. याखेरीज न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा याविषयी धर्मादाय कायद्याच्या कलम ३५ चे बंधन आहेच.

शेवटी राखीव निधीविषयी. 'न्यासाला पैसा शिल्लक ठेवता येत नाही' हे वाक्य मी प्रत्येक मंडळात ऐकतो आणि ते खरे नाही. उत्पन्नाच्या ८५ टक्के रकमेचा विनियोग करावा लागतो, १५ टक्के कोणत्याही अटीशिवाय ठेवता येतात, आणि त्याहून अधिक ठेवायचे असतील तर उद्देश सांगून, नमुना १० भरून, पाच वर्षांपर्यंत साठवता येतात. आपल्या मंडळाने नित्य खर्चाचे सहा महिने, म्हणजे सुमारे दोन लाख, एवढे राखीव ठेवण्याचा ठराव करावा.

मी दिलेले आयकराचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक आपल्या लेखापालांकडून ताडून घ्यावेत. १२-एबीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करायचा असतो. तो चुकला तर साठलेल्या मालमत्तेवर कर लागण्याची वेळ येते, म्हणून ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

साथीला_तबला

वरचे उत्तर फार उपयुक्त आहे, परंतु त्यात आणि मूळ प्रश्नात एका देणगीदाराचे नाव नाही. मी बावीस वर्षे तबल्याची साथ करतो आणि आपल्यासारख्या मंडळांत वर्षाकाठी तीसचाळीस वेळा वाजवतो. आपल्या मासिक बैठकीचा खर्च ३० हजार आहे. त्यातले सभागृह आणि ध्वनिव्यवस्था यांना अकरा हजार, गाडीला सहा, पत्रिका, हारतुरे आणि चहापाण्याला तीन गेले असावेत, असा माझा अनुभवावरून अंदाज आहे. उरलेल्या दहा हजारांत गायक, तबला आणि संवादिनी असे तिघे. ध्वनिव्यवस्थापकाशी कोणी घासाघीस करत नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी लग्नाला जाईल. आमच्याशी मात्र 'मंडळ लहान आहे, सेवा समजा' असे प्रेमाने बोलले जाते. २०१४ साली मी अशा बैठकीचे सहा हजार घेत होतो, आज सात मिळाले तर बरे म्हणतो. बाजारभाव आणि पाकीट यांतला फरक ही आम्ही मंडळाला दिलेली देणगी असते, पण तिची पावती फाडली जात नाही आणि स्मरणिकेत तिचे पानही नसते.

हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही, नियोजनाचा मुद्दा म्हणून सांगतो. जोवर ही रक्कम कागदावर येत नाही तोवर आपल्या कामाचा खरा खर्च किती, हे तुम्हालाच कळणार नाही. अंदाजपत्रकात कलाकाराचा योग्य दर लिहा, त्याने स्वखुशीने कमी घेतले तर ती सवलत अहवालाच्या टीपेत दाखवा. कंपनीसमोर किंवा सरकारी योजनेसमोर जाताना हा आकडा तुमच्याच बाजूने बोलेल. नवे मोठे नाव आणायचे म्हणून स्थानिक आणि तरुण कलाकारांच्या पाकिटाला कात्री लावण्याची पद्धत तर संमेलनात सर्रास आहे. तिसऱ्या दिवशीच्या एका नावाला दोन लाख आणि पहिल्या दिवशीच्या तिघांना मिळून पंधरा हजार, असे मी पाहिले आहे. तीन दिवसांचे दोन दिवस केले तर श्रोते रुसतील, पण येतील. मानधन कमी केले तर कलाकार येईलच, आणि तेच जास्त वाईट आहे.

बैठकींसाठी सभागृह कशाला हवे, हेही मला कळलेले नाही. साठ श्रोते असतील तर एखाद्या वाड्याच्या सोप्यात किंवा शाळेच्या वर्गात जाजम घालून, ध्वनिक्षेपकाशिवाय गाणे होते आणि जास्त चांगले होते. तिथे वाचलेले अकरा हजार कलाकारांना द्या, म्हणजे खर्च तोच राहून दर दुप्पट होईल. साथीदाराचे पैसे मुख्य कलाकाराकडे न देता प्रत्येकाच्या खात्यात थेट भरा. एका कलाकाराला वर्षात ५० हजारांहून अधिक दिले तर १० टक्के करकपात करावी लागते, तिचे प्रमाणपत्र वेळेवर पाठवा. पुष्कळ मंडळे कापतात आणि भरायला विसरतात.

कोकणपट्टी_कार्यकर्ता

खजिनदार महोदय, आपण वार्षिक वर्गणी सांगितली, पण आजीव सभासद किती आहेत ते लिहिले नाही. विचारण्याचे कारण असे की आमच्या मंडळाने १९९१ साली प्रत्येकी १००१ रुपये घेऊन दोनशे आजीव सभासद केले. दोन लाख जमले म्हणून गावात कौतुक झाले, आणि ते दोन लाख त्याच वर्षीच्या मांडवात, दिव्यांत आणि जेवणावळीत संपले. सभासद मात्र देवाच्या कृपेने दीर्घायुषी निघाले. आजही पहिल्या पाच रांगा त्यांच्या, तिकीट काढणाऱ्याला मागे जागा, आणि दरवर्षी त्यांच्या निमंत्रणपत्रिकांचा टपालखर्च आमच्याच अंगावर. आजीव वर्गणी हे आयुष्यभराच्या सेवेचे आगाऊ घेतलेले पैसे आहेत, ते ठेवीत जायला हवे होते, हे आम्हाला वीस वर्षांनी उमगले.

यावर आम्ही केले ते असे. नियम बदलला नाही, कारण दिलेला शब्द मोडायचा नव्हता. प्रत्येकाला अध्यक्षांच्या सहीचे, हाताने लिहिलेले पत्र पाठवले, त्यात एका खुर्चीमागे मंडळाला येणारा खर्च लिहिला आणि शक्य असेल त्यांनी तेवढी रक्कम दरवर्षी देणगी म्हणून द्यावी, अशी विनंती केली. साठबासष्ट जणांनी होकार दिला. दोघे संतापून घरी आले आणि तेही शेवटी चहा पिऊन धनादेश देऊन गेले. एका मोठ्या घराच्या भरवशावर राहण्यापेक्षा शंभर घरांचे पाच पाच हजार बरे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

ठेवीविषयी अनुभवाचे दोन शब्द. आमचे चार लाख अर्धा टक्का जास्त व्याजाच्या लोभाने एका पतसंस्थेत ठेवले होते आणि तिथे सात वर्षे अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. पंचवीस लाख आले तर ते एकाच ठिकाणी ठेवू नका.

प्रवासखर्चासाठी दौरे जोडून घ्या. आम्ही चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी आणि पुढे गोवा अशा ओळीने तीनचार मंडळे एकच कलाकार सलग दिवशी ठेवतो आणि गाडीभाडे वाटून घेतो. आपल्याकडे तर सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव एवढी गाणे ऐकणारी गावे हाताच्या अंतरावर आहेत.

आणि आपण विचारलेले नाही, पण पंचवीस लाख दिसले की कोणीतरी स्वतःच्या सभागृहाचा विषय काढणारच, म्हणून आधीच सांगतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाश्रयावर नव्हे तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींवर. पुढे मुंबईत मोठा व्याप उभा राहिला तो कर्जाने, आणि ते फेडण्यासाठी ते गावोगाव गात फिरत असतानाच १९२४ साली सावकारांनी वास्तूचा लिलाव करवला. त्यांच्याएवढा नावाचा आणि निष्ठेचा माणूस जिथे कर्जापुढे टिकला नाही, तिथे आपण हप्त्यावर विटा रचू नयेत. शिवाय न्यासाला कर्ज काढायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पंडितजींच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेले मंडळ आजवर उभे आहे ते मुख्यतः हजारो विद्यार्थ्यांच्या लहान लहान परीक्षाशुल्कावर.

न्यूजर्सीकर

मी येथील एका लहान भारतीय संगीत संस्थेच्या संचालक मंडळावर आहे, त्यामुळे डॉलरच्या प्रस्तावावर लिहितो. पैसे कोणाचे आहेत यापेक्षा देणाऱ्याचे पारपत्र कोणते, हे आधी विचारा. जे शिष्य अजून भारतीय नागरिक आहेत त्यांनी आपल्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, ते ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या) कार्डाचे धारक असले तरी, त्यांचा एक डॉलरसुद्धा विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली येतो. एकाच खात्यात सर्वांचे पैसे गोळा करून एकरकमी पाठवण्याची चूक करू नये. आपल्या मंडळाला त्या कायद्याखाली नोंदणी मिळू शकेल, कारण तीन वर्षांचे काम आणि तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च या अटी पूर्ण होतात; पण दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळे खाते, स्वतंत्र हिशेब आणि वार्षिक विवरण हा भार एकदाच येणाऱ्या रकमेसाठी घेऊ नये, असे माझे मत आहे. दरवर्षी येणार असतील तर वेगळा विचार करता येईल. नागरिकत्व बदललेल्या शिष्यांनी त्याऐवजी आपल्या मंडळातल्या एखाद्या तरुण गायकाचा इथला दौरा आखावा. त्याला योग्य पैसे मिळतील आणि ते इथल्या नियमांत बसेल.

ठेव मोडण्याविषयी इथले एक उदाहरण विश्वस्तांना जरूर सांगा. १९४३ साली स्थापन झालेली न्यूयॉर्क सिटी ऑपेरा ही संस्था स्वस्त तिकिटांसाठी प्रसिद्ध होती आणि तिला जनतेची ऑपेरा म्हणत. नाट्यगृहाच्या नूतनीकरणामुळे २००८-०९ चा हंगाम जवळजवळ प्रयोगांशिवाय गेला, पगार चालूच राहिले, आणि मग कायदेशीर परवानगी घेऊन कायम निधीतून सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर काढण्यात आले. उत्पन्न देणारा निधीच आटल्यावर पुढची तीनचार वर्षे काटकसर करूनही उपयोग झाला नाही. २०१३ च्या शरद ऋतूत लोकांकडून दहा लाख डॉलर जमवण्याचा अखेरचा प्रयत्न सुमारे तीन लाखांवर थांबला आणि ऑक्टोबरमध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. आकडे आपल्यापेक्षा फार मोठे आहेत, चूक मात्र तीच आहे.

तबलावादक मित्रांच्या मुद्द्याला जोड म्हणून सांगतो. १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी असे दाखवले होते की कारखान्यात कामाचा वेग वाढतो, पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी लागत होता तेवढाच वेळ आजही लागतो, म्हणून प्रयोगकलांचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत वाढतच जातो. विलंबित एकतालातला ख्याल कोणी निम्म्या वेळात गाऊन दाखवणार नाही. तेव्हा दरवर्षी खर्च सहासात टक्क्यांनी वाढेल असे धरूनच तीन वर्षांचे कोष्टक मांडा.

कृष्णाकाठचा_खजिनदार

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली. १ लाख ९० आणि १ लाख ९२ हजारांच्या त्या दोन तुटी फळ्यावर लिहिल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. ठेव मोडण्याचा विषय मागे पडला. संमेलन यंदा दोन दिवसांचे करायचे ठरले, मोठ्या आवाजात वाद होऊन, पण ठरले. बैठका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होतील. आमचे आजीव सभासद ३१२ आहेत आणि त्यांचे पैसे कोठे गेले याचा शोध घेतला तर १९८८ च्या मांडवाची पावती सापडली, त्यामुळे कोकणातल्या कार्यकर्त्यांचे पत्र मी जसेच्या तसे उसने घेणार आहे. ज्येष्ठ विश्वस्तांनी स्वतःहून दरवर्षी २५ हजार देण्याचे कबूल केले, हे मला अनपेक्षित होते.

डॉक्टर कुटुंबाशीही बोललो. संमेलनाचे नाव तेच राहील, रविवारचे सकाळचे सत्र त्यांच्या आईंच्या नावाने होईल, हे त्यांना पटले. त्या स्वतः पहाटे उठून तोडी ऐकत असत, असे मुलाने सांगितले. अडचण एवढीच उरली आहे की कुटुंबाला 'कायमस्वरूपी' हा शब्द हवा आहे आणि आमच्या सचिवांना तो नको आहे. पत्राचा मजकूर कसा असावा?

जमाखर्च_पुणे

'कायमस्वरूपी' हा शब्द निधीला लावा, सत्राला लावू नका. असा मसुदा चालेल, आपल्या लेखापालांना आणि वकिलांना दाखवून घ्या :

'आमच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ रुपये २५,००,००० ही रक्कम आम्ही मंडळाच्या कायमस्वरूपी निधीसाठी देत आहोत. मुद्दल खर्च करू नये. मिळणाऱ्या उत्पन्नापैकी किमान एक चतुर्थांश रक्कम मंडळाने दरवर्षी या निधीत मिळवावी आणि उरलेले उत्पन्न मंडळाच्या कोणत्याही उद्दिष्टासाठी वापरावे. मंडळाचे वार्षिक संमेलन होईल त्या वर्षी त्यातील सकाळचे एक सत्र मातोश्रींच्या नावाने व्हावे. संमेलन होऊ न शकल्यास त्या वर्षी मासिक बैठकींपैकी एक बैठक त्यांच्या नावाने व्हावी. वीस वर्षांनंतर परिस्थिती पाहून स्मृतीचे स्वरूप बदलण्याचा अधिकार कार्यकारिणीस राहील, मात्र निधीचे नाव बदलू नये.'

पत्रावर देणाऱ्या प्रत्येकाची सही आणि पॅन घ्या, रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात घ्या, कारण दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०-जीची सवलत नाही. देणगीचे विवरण नमुना १०-बीडीमध्ये ३१ मेच्या आत भरा, म्हणजे त्यांना प्रमाणपत्र देता येईल. पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात सहा लाख आणि पंचवीस लाख या दोन निधींच्या ओळी वेगवेगळ्या दाखवा. दोन्ही एकत्र केल्या तर पाच वर्षांनी नवा खजिनदार येईल तेव्हा कोणत्या पैशाला कोणती अट आहे, हे त्याला कळायला मार्ग राहणार नाही.